दौलूमामांचं फणसाचं खोकं

दौलूमामा आवाज पाण्यात बघायचे. रेडिओ दुरुस्त झाला की त्यावर पितळी फुलपात्र ठेवायचं, काठोकाठ पाणी भरायचं, रेडिओ लावायचा आणि पाण्याकडे टक लावून बसायचं. पाण्यावर बारीक लाटा उठल्या की रेडिओ पास. गिऱ्हाईक कुरकुरायचं, "मामा, घरघर येतीया." मामा म्हणायचे, "तुजा कान फशिवतोय. पानी फशिवत न्हाय." गिऱ्हाईक निमूट जायचं आणि दोन दिवसांनी परत यायचं.

उद्यमनगरात त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. त्याआधी वीस वर्षं शेजारच्याच कारखान्यात ते घणापाशी कामाला होते. माणूस मोठा तऱ्हेवाईक. मागून हाक मारली तर वळून बघणार नाहीत. "लई शिष्ट," असं आख्खी गल्ली म्हणायची आणि मीही त्यात होतो. समोर जाऊन उभं राहिलं की मात्र गडगडाट. "बोलायचं तर तोंड दावून बोल की! चोरावानी मागनं काय वरडतोस?" चहा पिता पिता कोणी बोलायला लागलं, तर आधी त्याला कप खाली ठेवायला लावायचे.

एकोणीसशे सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. मी दिवसा कचेरीत कारकुनी करायचो आणि संध्याकाळी आनंदरावांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो. माझी गिटार मांडववाल्याच्या कर्ण्यातून यायची, आणि कर्ण्यातून बेस म्हणजे डब्यात चिंचोके. एक दिवस आनंदरावांनी निर्वाणीचं सांगितलं, "रविवारी बिद्रीला कार्यक्रम हाय. तवर आवाजाचं कायतरी बघा. न्हायतर सांगलीचा एक जण तयार हाय, स्वतःचा स्पीकर घिऊन येतोय." माझी झोप उडाली. कचेरीत मला कुत्रं विचारत नव्हतं. काय ती इज्जत त्या चार तारांवर होती.

मी मामांना गाठलं, तर माझ्याआधी त्यांनाच घाई. बाकीचे रेडिओ कोपऱ्यात गेले. बंद पडलेल्या एका थिएटरातले मोडीत निघालेले दोन थोराड स्पीकर आले, चंदगडहून फणसाच्या फळ्या आल्या, आतून गोणपाट लागलं. चार दिवसांत माझ्या छातीएवढं खोकं उभं राहिलं. "वरची चिवचिव कुनीबी वाजवंल," मामा सारखे म्हणायचे, "खालचा आवाज पायजे. पोटात शिरनारा." हा ध्यास कशापायी, ते मी विचारलं नाही.

शनिवारी दुपारी चाचणी ठरली. आनंदराव लोखंडी खुर्चीत बसून घड्याळ बघत होते. मामांनी पूर्वी बनवलेल्या एका ॲम्प्लिफायरातून धूर निघाला होता, म्हणून मामांनी या खेपेला वाळूची बादली शेजारी ठेवली होती. ती बघून मी दोन पावलं मागे सरकलो. मामांनी खोक्याला हळद-कुंकू लावलं, वर फुलपात्र ठेवलं आणि बटण दाबलं. खोकं हुंकारलं. धूर नाही. मी सगळ्यात जाड तार छेडली.

दुकानाचे पत्रे थरथरले. पाणी उसळलं. आणि त्याचबरोबर खोक्यातून आलं, खर्रर्र. मी पुन्हा छेडली. पुन्हा खर्रर्र. आनंदरावांनी तोंड वाकडं केलं. संपलं आपलं, असं मनाशी म्हणत मी मामांकडे बघितलं. मामा फुलपात्रात बघत होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

"एक नंबर! पानी कसं नाचतंय बघा की!"

आनंदराव उठून दाराकडे चालू लागले होते. वळूनही न बघता म्हणाले, "मामा, आत कायतरी खडखडतंय."

मामा पाण्याकडे बघत हसतच राहिले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागून मारलेल्या हाका, तो खाली ठेवायला लावलेला कप, हे पाणी. हा माणूस शिष्ट नव्हता. त्याला ऐकूच येत नव्हतं, आणि आम्हा गल्लीभर शहाण्यांपैकी एकालाही ते कळलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. पण आनंदरावांदेखत बोलायचं कसं? रेडिओवाल्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर दुकान उद्याच बंद पडायचं.

मी मामांचा हात धरून खोक्याच्या पाठीवर टेकवला आणि तार छेडली. त्यांचं हसू मावळलं. बोटं फळीवरून सरकत खालच्या कोपऱ्यात थांबली.

"आयला, सुपारी!"

मुहूर्ताला गणपती म्हणून पुजलेली सुपारी त्यांनी आतच ठेवून पाठ बंद केली होती. देवाला बाहेर कसं काढायचं, म्हणून. आता एकेक करत सोळा स्क्रू निघाले. सुपारी कपाळाला लावून मामांनी खिशात टाकली. आनंदरावांचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता, आणि मामा काही स्क्रू पिळायची घाई करीनात. माझा जीव टांगणीला.

अखेर वाजवलं. या वेळी आवाज स्वच्छ आला, गोल, जमिनीतून पायात चढणारा. आनंदराव परत येऊन खुर्चीत बसले. थोड्या वेळानं त्यांचा हात मांडीवर ताल धरायला लागला. "उद्या पाचला टेम्पो येईल," एवढंच बोलून ते गेले.

मी गिटार आवरायला लागलो, तर मामांनी मनगट धरलं. आवाज कधी नव्हे तो खाली आला होता.

"तुला कळलं न्हवं?"

मी मान डोलावली.

"कुनाला सांगू नगंस. घनानं कान खाल्लं. आधी चिमन्या गेल्या, मग रेडिओ. आता बायकू समूर बसून बोलती, तिचं नुसतं व्हट हालत्यात." त्यांनी खोक्यावर तळवा ठेवला. "ह्यो आला बघ. किती सालांनी आला."

फुलपात्रातलं उरलेलं पाणी त्यांनी पिऊन टाकलं आणि खोक्याला पाठ टेकून जमिनीवर बसले. डोळे मिटले.

"वाजीव की अजून."

मी दुकान बंद करायची वेळ होईपर्यंत ती एकच तार वाजवत राहिलो.