नानासाहेबांचं पुण्यस्नान

माघी पौर्णिमेच्या सकाळी पिशोरचे नानासाहेब वेरूळच्या कुंडात गळ्यापर्यंत पाण्यात उभे होते, आणि पाण्याखाली त्यांच्या अंगावर फक्त लंगोटी होती.

पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षं झाली होती. निजामाच्या हातून राज्य सुटलं, पण नानासाहेबांच्या हातून कधी काही सुटलं नव्हतं. यंदा कापडं दान करायचीच, असं त्यांच्या बायकोनं, सरूबाईंनी, बजावलं होतं. म्हणून ते सात ठिगळांचं धोतर आणि विटका सदरा घालूनच घरून निघाले. चांगला कोट, धोतर, फेटा गाठोड्यात बांधला. जुनं देऊन स्नानानंतर हे नेसायचं, हे मात्र बायकोला बोलले नाहीत. ती बायकांच्या बाजूला स्नानाला गेली तशी त्यांनी ठिगळं एका म्हाताऱ्याच्या हातावर ठेवली आणि पाण्यात उतरले.

सरूबाई परतल्या, त्यांनी गाठोडं उघडलं आणि त्यांचे डोळे भरून आले. जुनं नेसून आले, नवं दानाला आणलं! समोरून चाललेल्या बिरू धनगराला त्यांनी अख्खं गाठोडं दिलं आणि वर पळीभर पाणीही सोडलं.

"अगं, माझा कोट?" नानासाहेबांनी पाण्यातून विचारलं.

"दिला की."

"मागून आण जा."

"पाणी सोडलंय, आवो. दिलेलं मागं घेत्यात व्हय? जुनं नेसा अन् या वर."

"जुनं मी दिलं."

सरूबाईंनी पदर खोचला. "मग ऱ्हावा तिथंच," म्हणाल्या.

काठावर निम्मा कन्नड तालुका जमलेला. लंगोटीवर वर यायचं म्हणजे अब्रू गेलीच. नानासाहेबांचे दात असे वाजू लागले, की पलीकडच्या पायरीवरच्या मंडळींना टाळ वाटले आणि त्यांनी त्या ठेक्यावर भजन धरलं. तासाभरात बातमी पसरली, की कुंडात कुणी तपस्वी उभा आहे. बायकांनी पायरीवर फुलं ठेवली, उकडलेली रताळी ठेवली. उपाशी नानासाहेबांचा हात तिथवर पोचेना.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. "सरका, पाटील आलेत," कुणीतरी म्हणालं. नानासाहेबांचाच कोट, फेटा घातलेला बिरू पायऱ्या उतरून आला.

"म्हाराज, मला आज लई मिळालं. मला बी कुणाला तरी द्यायचं हाय," म्हणत त्यानं खांद्यावरची घोंगडी पुढं केली. "आता काढलीय, गरम हाय आजून."

नानासाहेबांनी एकदा कोटाकडं पाहिलं, एकदा सरूबाईंकडं. मग पाण्यातच घोंगडी अंगाभोवती गुंडाळून ते वर आले. लोक पाया पडले.

उन्हात बसून रताळं खाताना त्यांची थरथर थांबली.

"गार वाजतंय का आजून?" सरूबाईंनी विचारलं.

"नाय. भिजली तरी ऊब सुटत नाय हिची. दान करावं तर असं."

"त्यानं अंगावरची काढून दिली, आवो."

नानासाहेबांनी घोंगडी डोक्यावरूनही ओढून घेतली.