जवाईबापूचं नाव

एका वेळी तीन कामं करावीत तर ती मीच! आर्वीच्या बसस्टँडसमोर माझं डीटीपीचं दुकान होतं. दोन हजार एक साल. कॉम्प्युटर नवा, मी तरबेज, फक्त मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर तेवढं नाजूक. नागपूरहून ओळखीतल्याने सीडीवर आणून दिलं होतं. एक फाईल उघडली की शहाण्यासारखं चालायचं, दुसरी उघडली की दातखीळ! पण मी का त्याला भिणार होतो?

बंडूजी धाकट्या लेकीची, रक्षाची लग्नपत्रिका छापायला आले.

"प्रेमदासभाऊ, जवाईबापूचं नाव सगळ्यात वर पाह्यजे!"

"काऊन जी?"

"पोराच्या लग्नात खाली छापलं. तवापासून थे रुसले. तीन वर्षं झाले, मयुरी माहेरी आली नाई." बंडूजींनी उपरण्याने डोळे पुसले. "आता बहिणीच्या लग्नालेबी नाई आली त मी काय करू?"

मला खरंच वाईट वाटलं. मी लगेच जवाईबापूंचं 'भूपेंद्र' हे खालचं नाव कट केलं आणि वर पेस्ट करायला कळ दाबली. काही नाही! पुन्हा दाबली. स्क्रीन गोठलेली. नाव खालूनही गेलं आणि वरही आलं नाही!

"झालं काय?"

"झालंच समजा! तुम्ही जा निवांत."

बंडूजी गेले आणि रूपरावजी आले. पतसंस्थेच्या निवडणुकीला उभे, निशाणी कपबशी. "माह्या नावाचं अक्षर मोठं कर. म्हाताऱ्याले बिनचष्म्यानं दिसलं पाह्यजे!"

पत्रिका गोठलेलीच होती. नुसतं बसून राहणारा मी नव्हे! त्यांच्या पत्रकाची फाईल उघडली, रूपरावजींचं नाव निवडलं, आणि तेवढ्यात चहावाला आला म्हणून वळलो. नेमकी त्याच क्षणी मशीनला जाग आली! मघाशी दाबलेली पेस्टची कळ तिला आता आठवली. मी वळून पाहिलं तर स्क्रीन काळी. मशीन पुन्हा चालू केली, तर दोन्ही फाईली आपोआप सेव्ह होऊन जागच्या जागी! उघडून कोण बघतो?

"प्रूफ दाखवतं का?" रूपरावजी म्हणाले.

"आपल्या कामाले प्रूफ लागत नाई!" मी चहाचा घोट घेत म्हणालो. दोन्ही कामं तशीच छापखान्यात धाडली.

तळेगावच्या बाजाराच्या दिवशी रूपरावजींच्या जीपमधून दोन हजार पत्रकं उधळली गेली. वर बोटभर जाड अक्षरांत: 'भूपेंद्र यांना प्रचंड मतांनी विजयी करा!' खाली कपबशी. आणि भूपेंद्र राहतात कुठे? तळेगावलाच!

इकडे बंडूजी पत्रिका घेऊन दुकानात उभे. "खाली नाई, वर नाई, जवाईबापू कुठीच नाई! पोरीले आता काय तोंड दाखवू?"

मी तोंड उघडणार तोच बाहेर मोटरसायकल थांबली. जवाईबापू! मागे मयुरी, मांडीवर बॅग. बंडूजींनी पत्रिका पाठीमागे लपवली.

"मामाजी!" जवाईबापूंची छाती फुगलेली, हातात कपबशीचं पत्रक. "खाली तुमच्याच पत्रिकावाल्याचं नाव पाह्यलं, तवाच समजलो हे तुमचं काम! पत्रिकेत पन्नास जणायचे नावं राह्यतात. तुमी त माह्या एकट्याचं छापलं! अख्खा बाजार मले नमस्कार करून राह्यला!"

मयुरी बापाच्या गळ्यात पडून रडली. लग्नाला अजून आठ दिवस होते आणि ती राहायलाच आली होती. माझेही डोळे भरून आले. शेवटी हे माझ्या मशीनचंच कर्तृत्व, नाही का?

रूपरावजी मात्र अकरा मतांनी पडले. अकरा मतपत्रिका बाद झाल्या होत्या. त्यांवर मतदारांनी पेनाने लिहिलं होतं: 'भूपेंद्र कुठे आहेत?'

मला लग्नाचं मानाचं आमंत्रण होतं. पंगतीत बसलो, पहिला घास उचलला, तोच जवाईबापू माझ्या खांद्यावर हात ठेवून ओरडले, "पाहा मंडळी, हेच थे प्रेमदासभाऊ! माह्या नावाचं पत्रक यायनंच बनवलं!"

समोरच्या पानावर बसलेल्या रूपरावजींनी हळूच मान वर केली.

एका वेळी तीन कामं मी आजही करतो. त्या दिवशी मात्र एकच जमलं. भरल्या ताटावरून उठलो आणि चपला न घालता थेट बसस्टँड गाठला!