गुडघ्याची निवड समिती

डॉक्टर म्हणाले, "आजी, महिन्याभरात जिना चढला नाहीत तर गुडघा कायमचा आखडेल. पर्सनल ट्रेनर लावा." माझी खोली वरच्या मजल्यावर. पडल्यापासून मी खाली बैठकीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत झोपत होते आणि सूनबाई माझ्या खोलीत ट्रेडमिल कुठे बसेल याची मापं घेत होत्या.

मुलगा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्याने घरातच निवड समिती नेमली. तो अध्यक्ष, सून सचिव, जावई फोनवरून तज्ज्ञ. मी म्हटलं, मलाही घ्या. तर म्हणतो, "आई, तू लाभार्थी आहेस. लाभार्थ्याला मत नसतं."

पहिल्या उमेदवाराचे दंड असे, की दारातून आडवा होऊन शिरला. पण प्रमाणपत्र नाही, म्हणून बाद. दुसऱ्याकडे अकरा प्रमाणपत्रं! पाच पायऱ्या चढला आणि कठड्याला लोंबकळला.

"अरे, याला पाणी द्या आधी!"

"कागदपत्रं पूर्ण आहेत, आई," मुलगा म्हणाला. नेमणूक त्याचीच झाली.

धाप ओसरल्यावर ट्रेनर म्हणाला, "तंदुरुस्तीचा दाखला लागेल. जिना न चढणाऱ्या माणसाची जबाबदारी आम्ही घेत नाही."

"मेल्या, चढता येत असतं तर तुझं तोंड बघायला बोलावलं असतं का?"

पण अध्यक्षांना मुद्दा रास्त वाटला. मला दाखल्यापुरती तंदुरुस्त करायला एक पूर्व-ट्रेनर नेमायचं ठरलं. त्यासाठी पुन्हा अर्ज, छाननी, मुलाखती. महिना संपत आला, तेव्हा समितीने एकमताने गुडघ्याला मुदतवाढ दिली. गुडघ्याने ती काही मानली नाही. तो रोज थोडा जास्त कुरकुरायचा.

मग एका दुपारी, खाली समितीची सभा रंगलेली असताना, मी कठडा धरला. दोन पायऱ्या चढायच्या, बसायचं, मुलाला मनातल्या मनात एक शिवी हासडायची, की पुन्हा दोन. खोलीत पोचले आणि आतून कडी घातली.

"आई, हे नियमात बसत नाही!" दाराबाहेरून मुलगा ओरडला. "ट्रेनरविना चढलीस, हे अहवालात दाखवू कसं?"

"तुमच्यामुळेच चढले म्हणून लिही. खोटं नाही ते."

आता शेजारणी विचारायला येतात, ट्रेनर कोण? कठडा धरा आणि रोज दोन पायऱ्या चढा म्हटलं, की तोंड वाकडं करून जातात. तुम्हीही इथवर ट्रेनरच्या नंबरासाठीच आला असाल, तर देते की. उठू नका, बसल्या जागी लिहून घ्या.