नरेलच्या घरातला डाग

नरेल झपालाच्या बैठकीच्या खोलीत छत गळत होतं. आणि ऑस्ट्रेलियातल्या इनिसफेलचा पाऊस म्हणजे एकदा बसला की उभा ऊस झोपवूनच उठणार. पत्र्याला वर कुठंतरी भोक आणि खाली नरेलची निळी बादली. छत नीट करणं हे मालकाचं काम, घर स्वच्छ ठेवणं भाडेकरूचं, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मालक ग्रेम डकेट दूर ब्रिस्बेनला बसून फक्त भाडं घ्यायचा. नरेल मात्र आपलं काम इतकं चोख करायची की त्यातच सगळा घोळ झाला.

दर काही महिन्यांनी मालकाच्या वतीनं घर सांभाळणाऱ्या एजन्सीची टॅमसिन घर तपासायला यायची आणि मालकासाठी फोटो काढायची. ती येणार म्हटलं की नरेलच्या अंगात यायचं. खिडक्यांच्या खाचा काडीला कापूस लावून पुसून व्हायच्या. बादली मोरीत जायची. ओल्या जमिनीवर घरातली सगळ्यात चांगली खुर्ची यायची आणि छतावरच्या डागावर पांढऱ्या रंगाचा हात फिरायचा. साखर कारखान्यातून दमून आलेला नवरा, ट्रेव्ह, कपाळाला हात लावायचा.

"अगं, तो डागच तर त्यांना दाखवायचाय."

"आणि त्या पोरीनं गावभर सांगावं, झपालांकडं घाण असते म्हणून?"

फोटो ब्रिस्बेनला जायचे आणि मालकाचं उत्तर यायचं, घर तर लखलखतंय, गळतं कुठं? आता याला काय म्हणावं? बाईनं राब राब राबावं आणि तिच्याच घामानं तिला खोटं पाडावं! फारच लावून धरलं, तर मेला म्हणायचा, पुढच्या आठवड्यात बघतो.

पण ते फोटो बघून बघून ग्रेमचा जीवच त्या घरावर बसला. एक दिवस त्यानं कळवलं, करार संपला की घर सोडा, माझ्या आईला तिथं ठेवायचंय. ज्या घरात नरेलची दोन पोरं मोठी झाली, दारचा आंबा तिनं हातानं लावला, ते घर. गावात दुसरं मिळेना. नरेल रडली, चिडली आणि तिनं शपथ घेतली की आता झाडूला हात लावणार नाही.

ग्रेम आईला घर दाखवायला आणणार त्या सकाळी पाऊस कोसळत होता. नरेल हाताची घडी घालून बसली. बसल्या बसल्या तिला कोपऱ्यात एक जळमट दिसलं. झालं, शपथ तिथंच मोडली. दारावर टकटक झाली तेव्हा बादली मोरीत होती आणि खुर्ची जागेवर. रंगाचा डबा संपला होता म्हणून डाग तेवढा वाचला.

एनिड डकेट, ग्रेमची आई, काठी टेकत आत आली. म्हातारं माणूस दारात आलेलं, नरेल राग विसरली. "बसा ना," म्हणून तिनं चांगली खुर्ची दाखवली आणि हातात चहा दिला. पहिला थेंब एनिडच्या नव्यानं सेट केलेल्या केसांवर पडला. दुसरा चहात.

एनिडनं सावकाश वर पाहिलं. "ग्रेम, हे छत आहे का चाळण?"

ग्रेम म्हणाला, आई, मला हे आजच कळतंय.

मग मात्र नरेलचा बांध फुटला. किती वेळा कळवलं, किती बादल्या उपसल्या, सगळं तिनं त्याच्या तोंडावर सांगितलं. "आणि दर वेळी तुमचं एकच, पुढच्या आठवड्यात बघतो."

एनिडनं कप खाली ठेवला. "तुलाही हेच सांगतो होय? मी त्याच्याच फ्लॅटमध्ये राहते बाई. माझा नळ किती दिवस गळतोय. भाडं मात्र पोटचा पोर असून सोडत नाही."

ग्रेम खिडकीबाहेर आंब्याकडं बघत राहिला. एनिडनं तिथंच निकाल दिला. आधी हे छत, मग तिचा नळ. ती कुठंही राहायला जाणार नाही आणि नरेल आहे तिथंच राहील. आईपुढं ग्रेमचं काही चालेना. निघण्यापूर्वी त्यानं पत्रेवाल्यांना फोन लावला.

पत्रेवाले यायच्या आदल्या संध्याकाळी ट्रेव्ह कामावरून आला, तर नरेल शिडीवर. हातात ब्रश, शेजारी रंगाचा नवाकोरा डबा.

"अगं बाई, डाग पुसलास तर उद्या त्यांना कळणार कसं, गळतंय कुठं ते?"

"ते शोधणं त्यांचं काम," नरेल ब्रश न थांबवता म्हणाली. "परकी माणसं घरात येणार आणि डोक्यावर हा असला डाग? काय म्हणतील?"