पनवेल पॅटर्न

सोमवारी मंत्रालयातून सचिवसाहेब येणार होते आणि शनिवारी दुपारी नव्या प्रिंटरमधून कागद आला, 'मा. सचवि महोदय यांचे हार्दकि स्वागत'.

नाईकसाहेबांनी तो कागद आधी चष्म्यातून वाचला, मग चष्मा काढून वाचला. ते पनवेलच्या त्या सरकारी कार्यालयाचे प्रमुख होते आणि बढतीच्या यादीत त्यांचं नाव येऊ घातलं होतं.

"हे काय आहे, मोकल?"

"वेलांटी सरकलीय, साहेब. एक घर पुढे गेलीय."

"वेलांटी नाही, माझं प्रमोशन सरकलंय! दर वेळी सचवि? सचिवाला सचवि म्हणायचं?"

कृष्णकांत मोकल खाली मान घालून उभे राहिले. ते कार्यालयाचे हेड क्लार्क. आजवर त्यांनी कुठल्याच सरकारी परिपत्रकाबद्दल प्रेम असं बाळगलं नव्हतं, पण गेल्या वर्षीच्या एका परिपत्रकाने त्यांना वेड लावलं. संगणकासाठी एकाच कंपनीच्या तोंडाकडे बघत बसू नये, सरकारी कार्यालयांनी मुक्त प्रणाली वापरावी, असं त्यात म्हटलं होतं. इतरांनी ते फाईलला लावलं. मोकल मात्र वाशीच्या एका कॉलेजात रविवारच्या प्रशिक्षणाला जाऊन बसले. तिथला मास्तर म्हणाला, "ही प्रणाली कुणा एकाच्या मालकीची नाही. वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. कुणी अडवणार नाही."

मोकल ताठ बसले. त्यांच्या वडिलांच्या भातशेतीवर आता नवीन पनवेलचं एक सेक्टर उभं होतं. आपल्याच जागेतून जायला दुसऱ्याला विचारावं लागतं, म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

तोवर कार्यालयातल्या सगळ्या मशीनवर त्या मोठ्या कंपनीचंच सॉफ्टवेअर होतं, आणि तेही कळंबोलीच्या एका दुकानातून आणलेल्या चोरट्या सीडीवरून टाकलेलं. मोकलांनी सुट्टीच्या दिवशी येऊन एकेक मशीन बदललं. नव्या प्रणालीचं चिन्ह पेंग्विन होतं, म्हणून सगळे तिला पेंग्विनच म्हणू लागले. उरणकडचा शिपाई जगन तेवढा म्हणायचा, "सायेब, ह्यो बदक काय बोलतंय बघा."

सुरुवातीला खूप रडारड झाली. टायपिंगचं काम करणाऱ्या अरुंधतीबाई दोन आठवडे मोकलांशी बोलत नव्हत्या. पण हळूहळू हात बसला. मशीन बंद पडेनात, व्हायरस येईनात. चार महिन्यांनी कुणी तक्रारही करेना. अर्थात कौतुकही कुणी केलं नाही, पण सरकारी कार्यालयात तक्रार नसणं हेच कौतुक, असं मोकल समजत. बातमी मंत्रालयापर्यंत पोचली आणि सचिवांनी कळवलं, 'प्रत्यक्ष पाहायला येतो. सोबत पत्रकार असतील.'

आणि नेमका आता जुना प्रिंटर बंद पडला, नवा जोडला आणि वेलांटी सरकली. पडद्यावर 'सचिव' नीट दिसायचे, कागदावर येताना बिघडायचे. मोकलांनी वाशीच्या मास्तरला फोन लावला. मास्तर लग्नाला गावी गेला होता आणि तिथे रेंज नव्हती.

"एक काम करा," नाईकसाहेब म्हणाले, "माझ्या केबिनमधल्या मशीनवर जुनं टाका. तेवढंच एक दाखवू."

"साहेब, ते पेंग्विन बघायला येतायत!"

"मग पेंग्विनचं चित्र लावा की त्यावर! चित्राला कुठे वेलांटी असते?"

"ही फसवणूक होईल, साहेब. वर ती सीडी चोरीची."

"मोकल, उद्या पेपरात 'सचवि' छापून आलं तर लोक तुमच्या पेंग्विनलाच हसतील. त्याची अब्रू वाचवायची असेल तर त्याला एक दिवस झाकून ठेवा. एकच दिवस!"

हे शेवटचं वाक्य मोकलांना पटलं, आणि तिथेच घात झाला. जे आपल्याला प्रिय असतं त्याचीच लाज वाटायला लागली की माणूस काहीही करतो. त्यांनी स्वतःच्या हाताने सीडी घातली.

सोमवारी सचिवसाहेब आले. केबिनमधल्या मशीनसमोर बसले आणि पडद्यावरच्या पेंग्विनकडे पाहून हसले. मग त्यांनी एक पत्र टाईप केलं, तक्ता काढला, बेरीज केली, छापलं. वेलांट्या जागच्या जागी.

"कमाल आहे!" ते पत्रकारांकडे वळले. "लोक म्हणतात मुक्त प्रणाली अवघड आहे. मला तर काहीच नवीन वाटलं नाही. सगळं हाताखालचं!"

मोकलांनी तोंड उघडलं. नाईकसाहेबांचा बूट त्यांच्या चपलेवर पडला. तोंड मिटलं.

"आता बाहेरची मशीन बघू," सचिव उठता उठता म्हणाले.

नाईकसाहेबांनी दाराकडे पाहिलं. दारात जगन उभा होता. पुढच्या क्षणी पंखे थांबले, बाहेरची सगळी मशीन काळी पडली. केबिनला यूपीएस होता, म्हणून पेंग्विन तेवढा उजळत राहिला.

"लाईट गेली, सायेब," मेन स्विचपाशी उभा राहून जगन म्हणाला. "आमच्याकडं ह्या टायमाला रोजच जाते. कवा येल त्याचा नेम नाय."

पनवेलमध्ये लाईट गेली यावर शंका घेण्याचं कुणाला कारण नव्हतं. घाम पुसत सचिवांनी पत्रकारांना सांगितलं, "हा पनवेल पॅटर्न आम्ही सगळीकडे राबवणार."

बुधवारी वाशीच्या मास्तरचा फोन आला. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये एक खूण करायची राहिली होती. मोकलांनी ती केली, 'मा. सचिव महोदय' छापलं आणि तो कागद हातात घेऊन ते उठले. मग नाईकसाहेबांकडे गेले.

"साहेब, वेलांटी सुटली. आता तुमच्या मशीनवरचं काढू?"

"वेडे आहात का? उद्या अलिबागचे लोक पॅटर्न बघायला येतायत!"

अलिबागचे आले, मग पेणचे आले, मग पार ठाण्याहून आले. सगळे केबिनमधल्या मशीनसमोर बसून खूश होऊन जात. आपापल्या कार्यालयात खरा पेंग्विन बसवून घेत आणि चौथ्या दिवशी फोन करत, "अहो, आमचं तुमच्यासारखं दिसत नाही. बहुतेक आमच्याकडे डुप्लिकेट आलंय. तुमची सीडी पाठवा ना!"

नाईकसाहेबांनी एकदा, दोनदा टाळलं. मग वरून विचारणा झाली, पनवेल सहकार्य का करत नाही? शेवटी कळंबोलीच्या सीडीच्या प्रती निघाल्या. त्यावर पेंग्विनचा स्टिकर आणि 'पनवेल आवृत्ती' असा शिक्का. एका कंपनीची मक्तेदारी मोडण्यासाठी त्याच कंपनीचा चोरीचा माल सरकारी टपालाने गावोगाव जाऊ लागला.

"आता तरी खरं सांगू या," मोकल एकदा म्हणाले.

"सांगा ना," नाईकसाहेब शांतपणे म्हणाले. "सीडी कुणी घातली तेही सांगा."

मोकल गप्प बसले. गप्प बसण्याचीही सवय लागते. पेंग्विनपेक्षा लवकर लागते.

आणि एके दिवशी टाय लावलेला एक तरुण आला. म्हणाला, "मी प्रांजल. कंपनीकडून आलोय. पनवेल पॅटर्नचं फार ऐकलं होतं." केबिनमध्ये बसला, दोन-चार बटणं दाबली.

"छान आहे," तो म्हणाला. "आम्हीच केलंय."

जगन चहा घेऊन आला होता, तो चहासकट परत निघाला.

"अहो, थांबा. चहा घेऊ की," प्रांजल म्हणाला. "घाबरू नका. तक्रार करायला नाही आलो. पंधरा वर्षं जाहिराती करून जे आम्हाला जमलं नाही, ते तुम्ही स्टिकर लावून केलंत. एवढ्या कार्यालयांना आमच्याशिवाय चालत नाही, हे आता सरकारच लेखी सांगतंय."

महिन्याभरात आदेश निघाला. 'वापरकर्त्यांची पसंती लक्षात घेता' सर्व कार्यालयांसाठी कंपनीचे रीतसर परवाने सवलतीत घेण्यात येत आहेत. अन्य प्रणाली तत्काळ काढाव्यात. खाली सचिवांची सही होती. त्याच दुपारी कंपनीची माणसं पनवेलला आली. अरुंधतीबाई आपल्या खुर्चीवरून उठायला तयार नव्हत्या. "माझं चांगलं चाललंय ना? मग का काढता?" असं त्या त्या माणसांना विचारत होत्या, पण बघत मोकलांकडे होत्या. मोकलांनी खिडकीबाहेर पाहिलं. संध्याकाळपर्यंत सगळी मशीन बदलून झाली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मोकल मंत्रालयात गेले. दोन तास बाकावर बसल्यावर आत बोलावणं आलं. त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: वेलांटी, सीडी, बूट, मेन स्विच.

सचिवसाहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बसा, मोकल. मला त्याच दिवशी कळलं होतं."

"कळलं होतं?"

"वीस वर्षं तेच वापरतोय. बायकोने डोक्यावरून पदर घेतला म्हणून ओळखू येणार नाही का?"

"मग साहेब... बोलला का नाहीत?"

"मी तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही तोंड उघडलंत, मला वाटलं आता बोलतील. तुम्ही मिटलंत. म्हटलं, ज्याने हे बसवलं त्याचाच यावर विश्वास नाही, म्हणजे ते चालतच नसणार. पत्रकार तर मीच बोलावून ठेवले होते. मग मीही रेटून नेलं." त्यांनी समोरची फाईल उगाच सरळ केली. "खरं सांगा. बाहेरच्या मशीनवरचं ते चालायचं तरी का?"

"चालायचं की, साहेब! उत्तम चालायचं. त्या दिवशीसुद्धा चालू होतं."

सचिवसाहेब खुर्चीत पुढे सरकले.

"अजून आहे? एकदा बघायला येतो. या वेळी कुणाला न सांगता."

"परवापर्यंत होतं, साहेब," मोकल म्हणाले. "काल तुमची ऑर्डर आली."