गाडीच्या नंबरचा ग्रह

दुचाकी स्टँडवर लावताना पुराव्याची नजर स्वतःच्याच नंबरप्लेटवर गेली आणि त्यानं वाकून ती पुन्हा वाचली. नंबर होता २४१८. आणि ज्या ग्रहाच्या जिवावर आज त्याची पीएच.डी. वाचणार होती, तो आपल्या ताऱ्याभोवती बरोबर २४.१८ दिवसांत फिरत होता.

'पुरावा' हे त्याचं लॅबमधलं नाव. कॅन्टीनवाला चहा संपला म्हणाला, तरी हा गडी किटलीत डोकावल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. दूरच्या ताऱ्यासमोरून ग्रह गेला की ताऱ्याचा उजेड किंचित मंदावतो. ते हेरणारा प्रोग्राम त्यानं लिहिला होता. असा प्रोग्राम पारखायला ही मंडळी ताऱ्याच्या खऱ्या नोंदींत एक खोटा ग्रह पेरतात. यानंही पेरला, आणि लक्षात राहावा म्हणून त्याला गाडीचा नंबर दिला. मग परीक्षा आल्या, ताप आला, आणि काही महिन्यांनी त्यानं खऱ्याऐवजी ती पेरलेली फाईलच उघडली आणि 'ग्रह सापडला' म्हणून सगळ्यांना सांगितलं. खरी तशीच पडून राहिली.

वर हॉलमध्ये समिती जमत होती. आज काही दाखव, नाहीतर गाशा गुंडाळ, असं तिनं बजावलं होतं. जिन्यातच गाइड मॅडम भेटल्या.

"मॅडम, तो ग्रह... मला वाटतं तो नाहीये."

"ऐनवेळी सगळ्यांना असंच वाटतं," मॅडम म्हणाल्या. "डायरेक्टरसाहेबांना मी मुद्दाम बोलावलंय. शर्ट खोच."

तेवढ्यात आईचा फोन. "अरे, आत्या विचारतेय, तिथं पाणी आहे का?"

"तू आत्याला सांगितलंस?"

"एकट्या आत्याला कशाला सांगेन? सगळ्यांनाच सांगितलं."

हॉलमध्ये तो समितीसमोर उभा राहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मन बजावत होतं. बोललं तर सगळंच संपणार होतं. पण किटलीत डोकावणारा माणूस तो, त्याला राहवेना.

"हा ग्रह माझ्या दुचाकीचा आहे," तो म्हणाला, आणि मग सगळंच सांगून टाकलं.

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"खरी फाईल आहे ना?" डायरेक्टर म्हणाले. "मग ती लाव."

प्रोग्राम चालू झाला. उजेडाच्या आलेखातला मोठा खड्डा गायब झाला होता. पण भलतीकडेच एक बारीकसा खड्डा दिसला, आणि ठरावीक अंतरानं तो पुन्हापुन्हा येत राहिला.

"आणि हा कोणी पेरला?" डायरेक्टरांनी विचारलं.

"मी नाही, सर."

"एकतीस पूर्णांक शून्य सात दिवस," मॅडमनी वाचलं. "म्हणजे ३१०७. कोणाची गाडी आहे ही?"

सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. अख्खी समिती जिना उतरून पार्किंगमध्ये गेली आणि वाकून वाकून गाड्यांच्या पाट्या वाचू लागली.

"झाल्या सगळ्या," डायरेक्टर कंबर धरत म्हणाले.

"एक राहिलीय, सर," पुरावा म्हणाला. कोपऱ्यात चिखलानं माखलेली एक मोटार होती. त्यानं खोचलेला शर्ट बाहेर काढला आणि त्याच्या टोकानं पाटी पुसायला घेतली.

"तीन," तो वाचू लागला. "एक."

मॅडमनी खांबाचा आधार घेतला.

"चार."

वॉचमन धावत आला. "साहेब, काही हरवलंय का?"

"नाही," डायरेक्टर म्हणाले. "सापडलंय बहुतेक."