नावाड्याच्या गेमचं पुनर्वसन

गेमची मशीन बनवणाऱ्या थोरल्या कंपनीने डिस्क बंद केल्या तेव्हा डिस्कमध्ये राहणाऱ्या माणसांना जागा खाली करायच्या नोटिसा आल्या, आणि चिपळुणात पहिलं गाव बाहेर पडलं ते अरुंधती खातूंच्या दुकानातून.

खातू गेम लायब्ररी म्हणजे एसटी स्टँडच्या मागे, चपलांचं दुकान आणि चष्म्याचं दुकान यांच्यामध्ये अंग चोरून उभी असलेली एक खोली. ती उघडली अरुंधतीबाईंच्या भावाने. पुढे भाऊ दुबईला गेला आणि दुकान बहिणीच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलेली गोष्ट काही दिवसांनी माणूस मिरवायला लागतो, तसं त्यांचं झालं. पोरं गेमच्या डिस्क भाड्याने न्यायची, ओरखडे पाडून परत आणायची, आणि अरुंधतीबाई त्यांना टूथपेस्ट चोळून, मऊ फडक्याने पुसून पुन्हा कपाटात लावायच्या.

त्या कपाटातला एक गेम कुणी नेत नसे. त्याचं नाव परदेशी आणि लांबलचक होतं. गावात सगळे त्याला नावाड्याचा गेम म्हणत. नायकाने नदी ओलांडायची, डोंगर चढायचा आणि राक्षस मारायचा, असा त्यातला एकंदर बेत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की अरुंधतीबाई तो लावत, नदीपर्यंत जात, नावेत बसत, पलीकडे उतरत आणि त्याच नावेने परत येत. राक्षसाच्या वाटेला त्या एकदाही गेल्या नाहीत. पन्नाशी उलटलेली, बिनलग्नाची बाई, राक्षस मारून तिला काय मिळणार होतं? नावाडी मात्र त्यांना आवडायचा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण दुपारी शटर अर्ध्यावर आलं की चपलांच्या दुकानातले बामणे गालातल्या गालात हसायचे, म्हणजे गावाला माहीत होतं.

नोटिशीची मुदत संपली त्या सकाळी नावाड्याच्या गेममधली माणसं मशीनच्या फटीतून एकेक करून उतरली. आधी ती डिस्कइतकीच चपटी होती. पायरीवर उन्हात उभी केल्यावर तेलात टाकलेल्या कुरडईसारखी फुलली. लोहार आला, पाववाली आली, दोन पहारेकरी आले, शेळी हरवलेली म्हातारी आली. सगळ्यांत शेवटी नावाडी आला, खांद्यावर नाव घेऊन. त्याने इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो तडक गोवळकोटच्या धक्क्यावर गेला आणि त्याने वाशिष्ठी नदीत नाव सोडली.

गेममध्ये या माणसांना दोन-दोन, तीन-तीनच वाक्यं दिलेली होती आणि बाहेरही ती तेवढीच बोलत. म्हातारीच्या वाट्याला तर एकच वाक्य आलं होतं, "माझी शेळी पाहिलीत का?" चिपळुणात त्याने कुणाचं काही अडलं नाही. दोन वाक्यांवर संसार ओढलेली माणसं तिथे आधीपासून होती.

आठवड्याच्या आत थोरल्या कंपनीचे पुनर्वसन अधिकारी कानविंदे पुण्याहून आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आवाज गोड. दुकानात स्टुलावर बसून त्यांनी अरुंधतीबाईंना योजना समजावून सांगितली.

"काकू, आता गेम हवेतूनच घराघरात जाणार. मग या लोकांनी खाली राहून करायचं काय? आम्ही वर वसाहत बांधली आहे, ढगांच्या थोडी अलीकडे. तिथे ओरखडे नाहीत, धूळ नाही, तुमची टूथपेस्ट नाही. जगातल्या कुठल्याही घरात हाक मारली की हजर."

"आणि कंपनीच्या मनात आलं की?"

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या तुम्हाला वाटलं, हे गाव नको. मग?"

"मग वसाहत आवरती घेऊ," कानविंदे प्रामाणिकपणे म्हणाले. "जागा कंपनीचीच राहते, काकू. त्यांना फक्त राहायची परवानगी."

अरुंधतीबाईंना हे मुळीच पटलं नाही. त्यांनी चहाचं आधण ठेवलं, कारण पटलं नाही तरी आलेल्या माणसाला चहा द्यायचाच असतो.

कानविंदेंचा चहा संपतो न संपतो तोच धाकट्या कंपनीच्या मुकादम मॅडम दारात उभ्या राहिल्या. थोरल्या कंपनीने डावीकडे पाऊल टाकलं की उजवीकडे टाकायचं, हे धाकट्या कंपनीचं धोरण होतं. मॅडम मूळच्या चिपळूणच्याच असल्यामुळे त्यांनी आधी घरच्यांची विचारपूस केली.

"ताई, आम्ही डिस्क सोडणार नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या मशीनला आम्ही फट मुद्दाम ठेवली आहे. ही सगळी माणसं आमच्या डिस्कमध्ये घेते. पक्की डिस्क, तुमच्या कपाटात राहील. अट एवढीच की लोहाराने तलवारी सोडून बंदुका करायच्या आणि नदीत आम्ही मगरी सोडणार."

"मगरी कशाला हो?"

"आमची गिऱ्हाइकं मागतात. आणि एकदा आमच्याकडे आले की यांच्याकडे पाऊल टाकायचं नाही." मॅडमनी कानविंदेंकडे बोट केलं. कानविंदेंनी मान डोलावली, त्यांच्याकडेही तोच नियम होता.

नगरपालिकेच्या सभागृहात रीतसर सुनावणी झाली. कानविंदेंनी लोहाराला विचारलं, "वर जायला आपली संमती आहे का?" लोहार म्हणाला, "लोखंड गरम आहे तोवर बोला." ते टिपून घेतलं गेलं. म्हातारीने शेळीची चौकशी केली, तीही टिपून घेतली गेली. मुकादम मॅडमनी हरकत घेतली की शेळीचा प्रश्न आधी सुटला पाहिजे. दोन्ही बाजूंनी बराच खल होऊन असं ठरलं की रविवारी सकाळी मैदानावर थोरल्या कंपनीने आधी उचलावं. जे उरतील ते धाकटीने भरून न्यावेत. नावाडी सुनावणीला आलाच नव्हता. त्याच्या नावापुढे 'कामावर' असं लिहिलं.

रविवारपर्यंत माणसं घरोघरी पाहुणे म्हणून वाटून दिली होती, आणि घोडं पेंड खात होतं ते इथे. पाहुणा चिपळुणातून अर्धपोटी गेला असं कुणी म्हटलं तर त्या घराला तोंड दाखवायला जागा राहत नाही. तिथे वाढणारी वाढत राहते आणि जेवणाराने ताटावर दोन्ही हात आडवे धरून "पुरे, पुरे" म्हणायचं असतं. या माणसांना 'पुरे' हे वाक्य दिलेलंच नव्हतं. बामणेवहिनी उकडीचा मोदक घेऊन आल्या की म्हातारी विचारायची, "माझी शेळी पाहिलीत का?" वहिनी म्हणायच्या, "पाहू हो, आधी हा घ्या," आणि मोदकावर तूप सोडायच्या. लोहाराकडून आंबोळ्यांचे ढीग उडाले. पहारेकऱ्यांना काळ्या वाटाण्याची उसळ, फणसाची भाजी, वर सोलकढी. ज्याच्या त्याच्या घरी तेच चाललं होतं आणि जो तो आपला पाहुणा जास्त जेवला म्हणून सांगत फिरत होता.

नावाड्याचं जेवण अरुंधतीबाईंनी स्वतःकडे घेतलं होतं. पदर खोचून त्या सकाळी उठून रांधत आणि डबा घेऊन धक्क्यावर जात.

"बसा, चार घास खाऊन घ्या," त्या म्हणत.

"आज पाणी जरा जास्त आहे," नावाडी म्हणे. त्याला दिलेल्या तीन वाक्यांतलं हे दुसरं, पहिलं "पलीकडे जायचंय का?" आणि तिसरं "सांभाळून उतरा."

त्या डबा नावेत ठेवत. नावेत ठेवलेली वस्तू पलीकडे पोचवायची हा त्याचा धर्म. तो डबा घेऊन वल्ही मारत पलीकडे जाई आणि तिथे जो कुणी उभा असेल त्याच्या हातात अदबीने देई. पलीकडच्या काठावर दुपारी गर्दी व्हायला लागली. लोक अरुंधतीबाईंच्या हाताची चव वाखाणत. बाई स्वतः नावेत बसून गेल्या तरी तेच. पलीकडे पोचताच तो आधी त्यांना उतरवी, मग डब्याला. त्यांना राग यायचा, हसूही यायचं. परतीच्या खेपेत नदीवर ऊन सांडलेलं असे, वल्ह्यांचा आवाज अगदी टीव्हीतून येई तसाच येई, आणि आपण जाग्या आहोत की दुकानात दुपारचा डोळा लागला आहे हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. एकच त्यांना स्वच्छ कळत होतं. तो वर जायला नको होता, आणि मगरींतही जायला नको होता.

रविवारी मैदान माणसांनी फुललं. कानविंदेंनी फोन लावला आणि ते म्हणाले, "घ्या." लोहाराचे पाय जमिनीवरून सुटले. पाठोपाठ पाववाली, पहारेकरी, म्हातारी. सगळी नारळाच्या शेंड्यापर्यंत गेली, तिथे किंचित गिरकी घेत थांबली, आणि वाळत घातलेलं लुगडं दोरीवरून घसरावं तशी हळूहळू खाली आली. कानविंदेंनी पुन्हा फोन लावला. पुन्हा तेच झालं.

"काय खाऊ घातलंत तुम्ही यांना?" त्यांनी विचारलं.

"काही विशेष नाही," बामणेवहिनी म्हणाल्या. "घरात होतं ते."

हवेतून जाणाऱ्या माणसाच्या वजनाला मर्यादा असते आणि चिपळूणकरांनी ती केव्हाच ओलांडली होती. मग मुकादम मॅडमनी आपली डिस्क काढली. लोहार कमरेपर्यंत आत गेला, डिस्क भाकरीसारखी टम्म फुगली, मशीनने दोन आचके दिले आणि त्याला बाहेर टाकलं. दोन्ही कंपन्यांनी हात वर केले. गावाने फारसं मनावर घेतलं नाही. पुढे लोहाराला एसटीच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं, पाववालीने बाजारात कोपरा धरला. म्हातारीला कुणीतरी एक शेळी आणून दिली. तिने ती बांधून ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या शेळीबद्दल विचारत राहिली.

"एक राहिला," त्या रविवारी मैदानावरच कानविंदे कागद पाहून म्हणाले. "नावाडी." आणि त्यांनी तिसऱ्यांदा फोन लावला.

हे ऐकलं आणि अरुंधतीबाईंना हिशेब लागला. सगळ्या गावाने सगळ्यांना ठासून जेवू घातलं होतं. उपाशी राहिला होता तो फक्त त्यांचा पाहुणा. त्या दिवशीचा डबा अजून त्यांच्या हातातच होता. त्या धावत सुटल्या. आयुष्यात त्या एसटीमागेसुद्धा कधी धावल्या नव्हत्या, पण त्या दिवशी मच्छीमार्केटवरून, पुलाखालून, चप्पल तुटली ती तिथेच टाकून धावल्या.

त्या धक्क्यावर पोचल्या तेव्हा नाव पाण्यापासून वीतभर सुटली होती. नावाडी वल्ही मारत होता आणि वल्ही हवेत फिरत होती. त्याचा चेहरा रोजचाच होता. वर जाणं हेही त्याच्या लेखी पलीकडेच जाणं होतं.

कानविंदे रिक्षाने पाठोपाठ आले. "जाऊ द्या, काकू! हा एक तरी जाऊ द्या. मला वर तोंड दाखवायचं आहे."

"तो जेवला नाहीये," अरुंधतीबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "माझ्या गावातून उपाशी नाही जायचा तो."

त्यांनी आधी डबा आत टाकला, मग पदर सावरून नावेच्या काठाला धरलं आणि स्वतःला आत लोटून दिलं. नाव एका अंगाला कलली, पाण्याला टेकते की काय असं वाटलं, आणि पुन्हा उचलली गेली.

"उतरा! तुम्हाला परवानगी नाही!" कानविंदे ओरडले.

"यांच्या नावेत बसायला मी कधीच कुणाची परवानगी घेतली नव्हती," त्या वरून म्हणाल्या.

बाईंचं वजन आणि नावाड्याचं हलकेपण यांचा मेळ नारळाच्या उंचीवर बसला. नाव तिथे थांबली, ना वर, ना खाली. वाऱ्याने जराशी डुलत होती. खाली वाशिष्ठी वळण घेत खाडीकडे गेलेली दिसत होती, कौलं दिसत होती, आणि अरुंधतीबाईंना अचानक फार हलकं वाटलं.

नावाड्याने वल्ही थांबवली. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पलीकडचा काठ कुठेच नव्हता. त्याने डब्याकडे पाहिलं. हा कुठे पोचवायचा, हे त्याला कळेना. त्याला दिलेल्या वाक्यांतलं एकही इथे लागू पडत नव्हतं.

अरुंधतीबाईंनी झाकण काढलं. घावनाचा तुकडा मोडला, नारळाच्या रसात बुडवला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने वल्ही आडवी ठेवली. मग त्याने तोंड उघडलं.

नाव बोटभर खाली आली.

"अरे वा!" खालून कानविंदे ओरडले. "काकू, पटापट भरवा! तासाभरात उतराल. मला प्रकरण बंद करता येईल."

अरुंधतीबाईंनी नावाड्याकडे पाहिलं. तो चावत होता. चावायचं कसं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, तरी त्याला ते जमत होतं. त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं.

"तुम्ही जेवून घ्या," त्या खाली वाकून कानविंदेंना म्हणाल्या. "आमचं सावकाश आहे."

कानविंदे प्रकरण प्रलंबित ठेवून पुण्याला गेले. आता दुकान बामणे बघतात आणि आंबे काढायच्या लांब काठीला अडकवून रोज डबा वर देतात. डब्यातला एकच घास नावाड्याचा, बाकीचं बाई स्वतः संपवतात. सकाळी धक्क्यावर मासळीच्या पाट्या उतरवणाऱ्या बायका डोळ्यांवर हात धरून वर बघतात.

"कालपेक्षा खाली आल्यात गो," एक म्हणते.

"कुठल्या? तिथेच आहेत," दुसरी म्हणते, आणि दोघी पाट्या उचलून बाजाराकडे निघतात.